वाकडी, उंच आणि आमची चादर

बेल चालू असताना दार वाजवणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर रागात. त्या सकाळी दूध गॅसवर होतं, इस्त्री तापत होती, लेक एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर उड्या मारत होती आणि आमचे हे अर्धी दाढी करून ब्लेड शोधत होते. दारावर तीन थापा पडल्या. मी गॅस बंद करून दार उघडलं.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीत एक निळी वही, मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरलेली.

"वहिनी, हे वाचा. आधी बसा, मग वाचा."

"कुणाची वही?"

"चष्मेवाल्याची. गच्चीवर टाकीच्या मागे सापडली. गच्चीचं कुलूप बदललंय मी. संध्याकाळी सातला मीटिंग आहे, आणि ही वही तुम्हीच सगळ्यांसमोर वाचायची. तुम्ही शिकलेल्या आहात, अडखळणार नाही."

मी वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि वेळ, सगळ्या वेळा पहाट सरतानाच्या.

'उंच आज एकटीच उन्हात. बाकीच्या सावलीत.'

'वाकडी पार उघडी पडली. अंगावर काही उरलं नाही. बघवत नाही.'

'ठेंगणी गेली. कुणी नेली कळत नाही. पोलिसांत सांगितलं तर हसतील.'

आणि शेवटच्या पानावर, 'खिडकीवर चादर आली. कोपरा झाकला गेला. आता नजर कशाला लावायची?'

ती चादर मीच बांधली होती.

"उंच म्हणजे तुमची लेक," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले. "गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला जाते ना? आणि वाकडी..." ते थांबले. त्यांची बायको कंबरेच्या दुखण्यापासून एका बाजूला कलून चालते. पुढचं बोलायची गरजच नव्हती.

लेकीने मागून मान घालून वाचलं. "आई, उंच म्हटलंय, जाड नाही. मी एवढ्यावर खूश आहे."

"तू गप्प बस," मी आणि हे एकदमच म्हणालो. लग्नाच्या बाराव्या वाढदिवसानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं.

चष्मेवाले तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात आणि नाक्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न. एकटे. लग्न का झालं नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. बोलायला कंजूष. 'बरं आहे' आणि 'बघू' या दोन उत्तरांत त्यांचं वर्ष निघतं. रोज उजाडायच्या आत गळ्यात कॅमेरा आणि काखेत तिपाई घेऊन ते पुढच्या दुमजली भागाच्या गच्चीवर जायचे. आमचा चारमजली भाग त्याला काटकोनात आहे, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची लोखंडी जाळी नेमकी त्या गच्चीसमोर येते.

"डोंगराचे फोटो काढतो," असं ते सांगत. पण एक माणूस नऊ वर्षं एकाच डोंगराचे फोटो काढेल, हे कुणाला पटणार? डोंगर काय पळून जाणार होता? महिन्याभरापूर्वी चहा ठेवताना मी वर पाहिलं, तर कॅमेऱ्याची काच सरळ माझ्याकडे रोखलेली. डोंगर खिडकीच्या बाजूला होता, काच खिडकीकडे होती. एवढा फरक मला कळतो. त्याच दिवशी मी जाळीला बाहेरून जुनी फुलाफुलांची चादर बांधली.

आता ही वही. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य होतं, पण जे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, ते आधी आपल्याला कळलेलं बरं. दुपारी मी जुना चष्मा पिशवीत टाकला आणि दुकान गाठलं. वहीही त्याच पिशवीत, चष्म्याआड.

दुकान बोळासारखं अरुंद. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता, टेबलावर भिंगांची लाकडी पेटी, प्रत्येक भिंग आपल्या खाचेत. चष्मेवाल्यांनी माझ्या नाकावर ती जड, गोल चौकट बसवली आणि भिंगं बदलायला लागले.

"हे बरं की आधीचं?"

"आधीचं."

"आता?"

"काका," मी म्हटलं, "वाकडी कोण?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चोर असता तर हात थांबला असता. हात थांबला नाही.

"डावीकडून चौथी," ते म्हणाले. "हे बरं की आधीचं?"

"कशाच्या डावीकडून?"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. माझ्या पिशवीतून डोकावणारा निळा कोपरा त्यांना दिसला. "सापडली होय!" एवढंच म्हणाले, आणि मला तशीच चौकटीसकट दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. मी दाराशीच थांबले. दार उघडं राहील अशा बेताने पाय उंबऱ्यावर ठेवला.

तिन्ही भिंतींवर पोस्टकार्डाएवढे फोटो. सगळे एकाच डोंगराचे. धुक्यातला, उन्हातला, पिवळा पडलेला, हिरवा झालेला. माथ्यावर झाडांची रांग. एक उंच, एक कललेलं, आणि एका ठिकाणी नुसता खुंट.

"ही उंच. ही वाकडी, दर वर्षी पानं गाळते तेव्हा अगदी केविलवाणी दिसते. आणि इथे ठेंगणी होती. एका रात्रीत कापून नेली."

"झाडांना बायकांची नावं कशाला?"

"ते झाड, ते झाड म्हणायचं तर परक्यासारखं वाटतं हो. 'ते' म्हणजे टेबल-कपाटाच्या पंगतीत. रोज भेटतात, म्हणून ती."

व्याकरणावर एवढा विचार मी बी.ए.ला मराठी घेऊनही केला नव्हता. तरी संशय काही पाठ सोडेना. त्यांनी दाखवलेले फोटो मी बाजूला ठेवले आणि आत जाऊन भिंतीवरून माझ्या मर्जीने वेगळे काढले. टेबलावरचं भिंग घेऊन एकेक तपासला. लेक कुठे नव्हती. पण खालच्या कोपऱ्यात, प्रत्येक फोटोत, आमच्या खिडकीची जाळी होती. प्रत्येक. एकात तर कुंडीला पाणी घालणारा माझा हात होता, बांगड्यांसकट.

"हे काय?" माझा आवाज चढला.

"तो वाया गेला," चष्मेवाले हळहळले. "ऐन वेळी हात आला मध्ये."

"हात माझा आहे!"

"म्हणूनच तुम्हाला काही बोललो नाही."

मग त्यांनी मला समजावलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. कॅमेरा रोज त्याच जागी, त्याच उंचीवर बसला पाहिजे. बोटभर सरकला तरी डोंगर लहानमोठा दिसतो. म्हणून तिपाईचे पाय गच्चीवर रंगवलेल्या खुणांवरच ठेवायचे, आणि जवळच्या एका खुणेवरून लांबचा डोंगर मोजायचा. आमच्या जाळीचा वरचा कोपरा ही ती जवळची खूण, सुरुवातीला तो बरोबर डोंगराच्या खांद्याला टेकायचा. नऊ वर्षं कॅमेरा तिथेच.

"पण कशासाठी?"

त्यांनी पहिल्या वर्षीचा फोटो माझ्या हातात दिला आणि चादर बांधायच्या आदल्या दिवशीचा. पहिल्यात जाळीचा कोपरा डोंगराच्या खांद्याला टेकला होता. दुसऱ्यात कोपऱ्याखाली रिकामं आभाळ होतं, करंगळीच्या नखाएवढं.

"मागच्या बाजूने डोंगर पोखरतायत, खांदा खचतोय," ते हळूच म्हणाले. "इकडून दिसत नाही. मी बोललो तर लोक म्हणाले, चष्मेवाल्याचा नंबर वाढलाय. स्पर्धेला बारा फोटो पाठवले, तर उत्तर आलं, चुकून एकच फोटो बारा वेळा आला आहे."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. घरी आल्यावर, वहीतल्या तारखांच्या फोटोंबरोबर मागून आणलेले तेच दोन फोटो खिडकीत उभी राहून पुन्हा पाहिले. माणूस खोटं बोलू शकतो. जाळी आमची होती, ती कशाला खोटं बोलेल?

सातला गाड्यांच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. चष्मेवाले एका खांबाला टेकून उभे. कुणी त्यांच्याशेजारी खुर्ची सरकवली नाही. मी वही वाचली, पण एकेक ओळ वाचून झाली की तिच्या तारखेचा फोटो पुढे सरकवायचा, अशा रीतीने. 'वाकडी पार उघडी पडली' आलं तेव्हा सेक्रेटरी उठून उभे राहिले. त्यांच्या बायकोने त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला.

"ही होय वाकडी?" तिने तो दिव्याखाली धरला. "बरी आहे की दिसायला. उगीच सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हतात!"

लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. "झाडं असतील," ते म्हणाले, "पण कॅमेरा बाईमाणसाच्या खिडकीकडे होता की नव्हता?"

"होता," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं? आणि मग ते करंगळीच्या नखाएवढं आभाळ दाखवलं. दोन्ही फोटो खुर्च्याखुर्च्यांतून फिरले. कुणी चष्मा वर केला, कुणी खाली. त्यातले निम्मे चष्मे चष्मेवाल्यांच्याच दुकानातले होते. आमच्या यांनी फोटो बराच वेळ धरला आणि पुटपुटले, "खरंच खाली गेलाय की."

"गेला असेल, नाही तर कॅमेरा हलला असेल," कुणीतरी मागून म्हणालं. पटलं असं तोंडाने कुणीच कबूल केलं नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर सेक्रेटरींनी नव्या कुलपाची एक किल्ली टेबलावर ठेवली. "महिनाभरासाठी. पुढे बघू. तुम्हाला काही म्हणायचंय?"

चष्मेवाल्यांनी किल्ली उचलली, खिशात टाकली, आणि इतक्या माणसांत, यांच्यादेखत, सरळ माझ्याकडे वळले.

"वहिनी, सकाळी उजाडताना पाच मिनिटं ती चादर सोडत जा."