बाबा हात कधी सोडत

बाबा झोपेतच गेले. गुरुजी, गाडी, नातेवाइकांची जेवणं, सगळी व्यवस्था मी केली आणि एकेक काम यादीतून खोडत गेले. एक शंका मात्र खोडता येईना. बाबांना पलीकडे कोणी घेतलं असेल का? मी देव मानते, पण त्या दिवसांत माझी खात्री उरली नव्हती.

शंकेचं मूळ बाबांच्याच सवयीत होतं. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते भोपाळला मुलांना वेल्डिंग शिकवत. कोणतीही वस्तू देताना समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत ते हात सोडत नसत. म्हणायचे, “डोलत्या जहाजावर वस्तू पडते ती दोन हातांच्या मधेच. दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं धरलीय.” वर्कशॉपमध्ये दिवसभर ‘ले लिया, सर’ चालायचं. बिट्टन मार्केटात त्यांनी पिशवी पुढे केली की भाजीवालीच ओरडायची, “ले लिया, अंकल! अब तो छोड़ दो!” घरी आई वैतागायची, “अहो, चहाचा कप आहे, तोफगोळा नाही!” बाबा कप धरूनच उभे. शेवटी आई हसून ‘घेतलं’ म्हणायची.

अस्थी घेऊन आई आणि मी नर्मदेवर गेलो. नाव मध्यावर आली. गुरुजींनी सांगितलं होतं तसं सगळं केलं, मातीचा कलश पाण्यावर धरला, आणि हात उघडेचनात.

“सोड गं,” आई म्हणाली.

कळत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. कोणाच्या हाती देतेय, तेच समजेना.

म्हातारा नावाडी वल्हं ठेवून शेजारी येऊन बसला. त्यानं कलशाखाली, पाण्यात, आपला तळवा धरला आणि अगदी सहज म्हणाला, “ले लिया, बिटिया. अब छोड़ दो.”

आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. आम्ही रडत होतो की हसत होतो, सांगता येणार नाही. माझे हात सुटले. कलश त्याच्या तळव्यावरून अलगद पाण्यात गेला.

तो सगळ्यांनाच असं म्हणत असेल. मी विचारलं नाही. मला त्या क्षणी जे हवं होतं ते नर्मदामाईनं दिलं, एवढं मला पुरतं.

भोपाळमधल्या अवधपुरीच्या घरात अजूनही सकाळी दिवा लावून मी दिवसाची कामं ठरवते. माझ्यानं होण्यासारखी माझ्याकडे ठेवते. न होण्यासारखं जे उरतं, ते देवापुढे धरते. ‘घेतलं’ असं काही ऐकू येत नाही. तरी मी हात सोडते.