पैऱ्यावर दिलेलं नाव

सुजित नावाच्या पुण्याच्या व्यापाऱ्याने वेल्ह्याच्या ज्ञानूआण्णांना फसवलं. त्यांचं नाव मागून नेलं आणि परत दिलं नाही.

आण्णांकडे तांदूळ घ्यायला गेलं की आधी भाव कळायचा नाही, आधी भात मिळायचा. चुलीवर लहान पातेल्यात मूठभर आंबेमोहोर शिजत घालायचे आणि तोवर गुराढोरांच्या गोष्टी काढायचे. भात कोराच. आमटी नाही, तूप नाही. "आधी खा, मग भांडा," म्हणायचे. मी पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनेच. डोक्यावर पाटी घेऊन करवंदं विकण्यापासून सुरुवात केली आणि शिवऱ्याला हायवेलगत स्वतःचं दुकान उभं केलं. समोरच्याने सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी दिलेला नाही. पण दोन घास खाल्ले आणि काय बोलायचं तेच आठवेना.

"आता भांड की," आण्णा म्हणाले.

"तुमी लई लबाड हाय," मी म्हटलं.

"लबाड असतो तर आमटी वाढली असती, बाय. वाईट तांदूळ आमटीखाली झाकून जातो."

त्या दिवसापासून त्यांचा तांदूळ माझ्या दुकानात आला. पुण्यामुंबईच्या गाड्या थांबायला लागल्या. लोक नाव घेऊन मागायचे, "ज्ञानूआण्णांचा आहे का?" नावाला वजन आलं की ते न्यायला कोणी ना कोणी येतंच. सुजित आला. मी तेव्हा आण्णांच्या घरीच पोती भरून घेत होते. त्याने दोनदा भात मागून घेतला, आण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आण्णा, सगळ्या खोऱ्याचा तांदूळ मी उचलतो. पिशवीवर फक्त तुमचं नाव टाकू द्या."

मी आण्णांना गोठ्यामागे ओढलं. "नावाचं काय घेणार ते आत्ताच बोला. वाटा मागा. मी बोलू का?"

"गप गं. शेजाऱ्याला पैऱ्यानं बैल दिला तर भाडं घेत्यात व्हय?"

आमच्याकडे पैरा असाच चालतो. आज माझा बैल तुझ्या शेतात, उद्या तुझा माझ्या. कोणी लिहून घेत नाही, कारण संध्याकाळी बैल आपोआप आपल्या गोठ्याकडे वळतो. आण्णांनी नाव तसं दिलं. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. पण ज्या गावात पैऱ्याचा बैल कधी कोणी ठेवून घेतला नाही, त्या गावच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

सुरुवातीला सगळं झकास झालं. गुलाबी फेटा बांधलेल्या, जाडजूड मिशांच्या माणसाचं चित्र पिशवीवर आलं आणि खाली लिहिलं, 'ज्ञानूआण्णा स्वतः निवडतात.' आण्णांनी जन्मभर टोपी घातली आणि मिशी कधी राखली नाही. चित्र पाहून ते पोटभर हसले. "ह्यो पाव्हना कोन? चांगला खाऊनपिऊन हाय." खोऱ्यात सुजितचा टेम्पो येऊ लागला, तसं बाकीच्या व्यापाऱ्यांनी इकडे यायचं सोडलं. टेम्पो एकच उरला तेव्हा सुजितने भाव पाडला. पुढे पिशवीत कुठला कुठला तांदूळ मिसळायला लागला. आण्णांनी एकदा ती पिशवी फोडून शिजवली, दोन शितं तोंडात टाकली आणि पातेलं म्हशीपुढे ठेवलं.

"आता माझा मी इकतो," ते म्हणाले. स्वतःच्या पिशव्या शिवल्या, त्यांवर स्वतःचं नाव घातलं. महिन्याच्या आत वकिलाचा फोन आला: हे नाव सुजितने स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवून घेतलंय, वापराल तर कोर्टात खेचू. आण्णा एसटीने पुण्याला सुजितच्या ऑफिसात गेले. परत येताना माझ्या दुकानाशी उतरले आणि पाणीसुद्धा न पिता पोत्यावर बसले.

"काय म्हनला?"

"बाजार खुला हाय म्हनला. कुठल्याबी नावानं इका, माझी हरकत न्हाई. फकस्त ह्या नावानं नको." मग म्हणाले, "खुला हाय म्हनं. म्या सगळीकडं हिंडून बघितलं. दार काय मला घावलं न्हाई."

त्यानंतर पिशव्या कोऱ्या. एका रविवारी आण्णा दुकानात पोतं उतरवून टेकले होते. गाडीतून एक साहेब उतरले, तांदूळ तळहातावर घेऊन वास घेतला. "आम्ही ज्ञानूआण्णांचा ओरिजिनल खातो. हल्ली डुप्लिकेट फार निघालाय." मग शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "काका, तुम्ही इकडचेच ना? हा ओरिजिनल वाटतो का तुम्हाला?"

आण्णांनी टोपी सारखी केली. "तुमी रोज खाता. तुमास्नी जास्त ठावं."

गाडी गेल्यावर मी वजनाचा दगड काट्यात आपटला. "तोंड शिवलंय का तुमचं? सांगायचं न्हाई व्हय, म्या ज्ञानू हाय म्हनून?"

"त्येनं इचारलं असतं, मंग मिशी कुठं गेली, तर काय सांगू?" आम्ही दोघं हसलो, पण आण्णा माझ्या आधी थांबले. नंतर ते दुकानात यायचे तेव्हा गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. ज्या माणसाने कोणाला उपाशीपोटी भाव सांगितला नाही, तो गिऱ्हाइकापासून लपायला लागला. घरीही चुलीवरचं ते पातेलं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "खाऊन लोक इचारत्यात, आण्णा, नाव काय ह्या तांदळाचं? मंग घास माझ्याच घशात अडकतो."

यंदाची सुगी उरकली आणि आण्णा गेले. झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर त्यांची लेक शोभा पोतं घेऊन माझ्याकडे आली. भाताची खाचरं आता तीच बघते. तांदूळ तोच, वास तोच. म्हणाली, "मावशी, आता तर आण्णाच न्हाईत. आता तरी त्यांचं नाव लावू का?" मी तिचं पोतं उतरवून घेतलं आणि दाराबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानात त्याच दिवशी नवा माल लागला होता. फेटेवाला हसत होता. खाली लिहिलं होतं, 'ज्ञानूआण्णा स्वतः निवडतात.'

सुजित, वकील पाठवू नकोस, तू ये. शिवऱ्याला माझ्या दुकानात शोभासमोर बस आणि तिला तोंडावर सांग: तिचा मेलेला बाप तुझ्यासाठी अजून तांदूळ निवडतोय, तर त्याच्याच शेतातला तांदूळ विकताना तिने पिशवीवर कोणाचं नाव लिहायचं?