वेदीचे दोन खांब

उत्तर फिनलंडमधल्या कोस्कीपेरा गावचा रंगारी एल्यास कुइविला स्वतःला संगमरवराचा उस्ताद म्हणवून घ्यायचा. संगमरवर त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरी लाकडी चर्चमधले वेदीचे दोन खांब हुबेहूब इटलीच्या दगडासारखे रंगवतो, असं त्याने पंचमंडळींपुढे छाती ठोकून सांगितलं. घरी पोचेपर्यंत छाती बसली होती.

त्या दगडात शिरा असतात एवढंच त्याने ऐकलेलं. कशा असतात, ते कोणाला विचारावं तर उस्तादी गेली. शनिवारी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बायको, प्रीता, वरच्या फळीवर बसली आणि तिच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा नेमक्या त्याच्या नाकासमोर आल्या. तो बघतच राहिला.

"वाफ डोक्यात गेली का रे, म्हाताऱ्या?" प्रीताने विचारलं.

त्याने तापल्या दगडांवर आणखी पाणी ओतलं.

आठवडाभरात पांढऱ्या रंगावर हंसाच्या पिसाने त्याने त्या सगळ्या शिरा उतरवल्या. गुडघ्यामागचा गुंतासुद्धा सोडला नाही. रविवारी खांब पाहायला मोठे पाद्री आले. त्यांनी रोम पाहिलेलं होतं. खांब नापसंत झाले असते तर सगळं खरवडावं लागलं असतं, आणि पुढे कुठल्या चर्चने एल्यासला कुंपणसुद्धा रंगवू दिलं नसतं.

पाद्रींनी चष्मा पुसून खांब न्याहाळले. "अस्सल आहे. कुठं पाहिलात हा दगड?"

"प्रवासात," एल्यास म्हणाला. त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे डांबर विकायला बंदरापर्यंत. डावीकडे बायकांच्या बाकावर प्रीता मान तिरकी करून खांबाकडे बघत होती.

घरी परतताना दोघांनी पूल ओलांडला. शेवटी त्यालाच राहवेना.

"प्रीता, ते खांब..."

"उलटे रंगवलेस. डाव्या खांबावर माझा उजवा पाय आहे." थोडं चालून ती म्हणाली, "आणि ती वाकडी शीर आपल्या हेइक्कीच्या वेळची. नऊ महिने पोटात पोर आणि हातात पाण्याच्या बादल्या. तू तेव्हा दुसऱ्या गावच्या चर्चच्या छतावर चांदण्या काढत होतास."

एल्यासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांच्या संसारात बायकोचे पाय त्याने पहिल्यांदा नीट पाहिले होते, तेही दगड हवा होता म्हणून.

त्या दिवशी विहिरीचं पाणी उस्तादांनी आणलं. निम्मं वाटेतच सांडलं. प्रीता दारात बसून बघत होती. तिने पाय लांब केले आणि म्हणाली, "आण आणखी."