दंडावरचे वळ

माझी मुलगी सोलापुरात रोलर स्केटिंगमध्ये जोडीनं खेळायची. जोडीदार मुलगा तिला धरून डोक्यावर उचलायचा, त्यामुळं कमरेवर, दंडावर वळ उठायचे. रोज संध्याकाळी मी हळद घातलेलं तेल कोमट करून त्या वळांना लावायचे आणि मनातून खूश व्हायचे, पोरगी मेहनत घेतीय म्हणून.

सराव चालू असताना आयांनी मैदानाच्या फाटकाबाहेर बसायचं, हा स्केटिंग शिकवणाऱ्या सरांचा नियम होता. आई दिसली की पोरं ढिली पडतात म्हणे. अक्कल गहाण ठेवल्यासारख्या आम्ही बाहेर शेंगा फोडत बसायचो. फाटकाची कडीही बाहेरून आम्हीच घालायचो. गेल्या वर्षी एक आई सांगायला लागली, सर पोरीला मारतात. तिला मीच सुनावलं, "जोडीत खेळायचं म्हटल्यावर वळ उठणारच की." तिनं पोरीला काढून घेतलं.

परवा तेल लावताना मुलीच्या दंडावर चार बोटं उमटलेली दिसली, ताजी. मी म्हटलं, "त्या जोडीदाराला सांग, जरा हलकं धर."

ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तो आठ दिवस झाले तापानं गावी हाय."

दुसऱ्या दिवशी मुलीला घरी ठेवून मी एकटीच गेले आणि फाटकाशी बसलेल्या आयांना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत राहिल्या. आत सरांची शिट्टी वाजली. एक जण उठली, कडी नीट बसलीय का ते बघितलं आणि मला म्हणाली, "जोडीत खेळायचं म्हटल्यावर वळ उठणारच की."