बैलाचं माहेर
करंजीच्या तेलाचा वास आला की तेल्हाऱ्याजवळचा एक गोठा आठवतो. तिथल्या बैलाच्या कानातले गोचीड मी तपासणीसाठी अकोल्याला आणले होते. त्यांच्यातल्या विषाणूची जनुकीय माहिती डेटाबेसशी ताडली, तर तो थेट मेळघाटातल्या सांबरांवरच्या गोचिडांतल्या विषाणूशी जुळला. "तेल्हाऱ्याच्या बैलात जंगलातला विषाणू कुठून येणार? नमुन्यांची अदलाबदल केलीस," प्रयोगशाळेतले साहेब भडकले. माझ्या हातून तसं होणं शक्य नव्हतं. मी तडक गोठा गाठला. मालकीण बैलाच्या कानाला करंजीचं तेल चोळत होती. "हा इकडचा नाई, बाई. मागच्याच हप्त्यात मेळघाटातून आनला. तुमी मले इचारलंच कुठी?" नमुने बरोबरच होते, चुकला होता तो माझा न विचारलेला प्रश्न. आजही नमुन्याच्या नळीवर गाव लिहिण्याआधी मी बैलाचं माहेर विचारते.