पिवळा दिवा आणि वरात
गिअरच्या गरम तेलाचा वास आला की मला आष्ट्यापुढचा रस्ता आठवतो. थोरल्या भावाचं लग्न इस्लामपुरात लावून, नव्या वहिनीला घेऊन आम्ही मामाच्या जुन्या, आलिशान ऑटोमॅटिक गाडीतून गावी निघालो होतो. आजोबांची वरात गावानं जातीवरून वेशीवर अडवून ओढ्यातून न्यायला लावली होती. म्हणून फौजेतून आलेल्या मामानं ही वरात वेशीतूनच न्यायची शपथ घेतली होती. आष्टा ओलांडलं आणि गिअरबॉक्सचा पिवळा दिवा पेटला. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रांगू लागली. मामानं उसाच्या कडेला थांबून बॉनेट उघडलं, गिअरतेल मोजायची पट्टी काढून हुंगली. "जळालं न्हाई. सेन्सर गेलाय, म्हणून गाडी जिवाला जपतीय. पर आता ही पळायची न्हाई गड्या," तो भावाला म्हणाला. मामाचा चेहराच उतरला. तेवढ्यात मागून वहिनी प्रथमच बोलली, "आवं मामा, वरात काय पळवत न्यायची असती व्हय? सावकाश न्या, समद्यांना नीट दिसू दे." मामा इतका हसला की डोळे पुसू लागला. आज मी समतेची पत्रकं लिहितो. पण समता म्हटलं की मला दिसते ती पिवळा दिवा लावून, उघड्या काचांनी, भर वेशीतून रांगत गेलेली गाडी.