ड्रेपरीवाल्या मामांचं दिवाळं

एखाद्या घरावर दिवाळं काढायची वेळ आली की त्या घरात नुसती रडारड चालत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. रडारड होतेच. पण तिच्या मधल्या वेळात माणसं बोलतात, जेवतात, भांडतात, आणि किस्से आपोआप साचत जातात. आमच्या भास्करमामांचं दिवाळं वर्षभर निघेल-निघेल म्हणत होतं. मग काय विचारता!

मामांची गिरगावात ड्रेपरी होती, म्हणजे नाटकांचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान. मुकुट, शेले, दाढ्या, तलवारी, सगळं. दुकानात मामा आणि त्यांचा शिंपी बाबल. वरच्या मजल्यावर मामी आणि मुलगी कुसुम. मी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलो तो त्यांच्याकडेच उतरलो. दुकान कर्जात बुडाल्याचं पहिल्याच जेवणात कळलं.

मी ताटावरच भाषण ठोकलं. "मामा, कोर्टात नादारीचा अर्ज करा! आहे ते सगळं कोर्टाच्या हवाली करायचं, कोर्ट ते घेणेकऱ्यांत वाटणार, आणि तुम्ही मोकळे! यात लाज कसली? सुधारलेल्या देशात हा माणसाचा हक्क समजतात!"

मामी आमटी वाढता वाढता थांबल्या. "एवढं चांगलं असतं, तर तिकडचे सगळेच का नाही रे दिवाळं काढत?"

विलायतेत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

*

तरी मी मालाची यादी करायला बसलोच. बाबल एकेक वस्तू पुढे करी, मामा नाव सांगत, मी लिही.

"सिंहासन, एक. हत्ती, अर्धा."

"अर्धा?"

"दोन माणसं आत शिरून चालवायचा हत्ती आहे तो. मागचा भाग काळाचौकीच्या एका मंडळाकडे गेला, तो आलाच नाही."

"मग हत्ती लिहू की नको?"

"सोंडेकडचा आहे ना! लिही."

बाबल मालवणचा. त्याने सोंड नीट गुंडाळली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बॅरिस्टरसायबानू, लिवा तुमी. पन लिलावात अर्धो हत्ती घेतलो कोण?"

*

मामांनी लगेच अर्ज का केला नाही, ते सांगतो. कुसुमचं दादरला जमलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत, माणसं बरी. नादारीचा हुकूम झाला की नाव छापून येतं. "एवढं लग्न होऊ दे," मामा म्हणत. "मग माझं नाव पाटीवर लिहून चौकात लावा."

मी व्याजाचा हिशेब मांडला की ते उठून मुकुट पुसायला लागत.

*

जरीवाल्या शेठजींचे मुनीम एकदा तावातावाने आले. "आज पैसे घेतल्याशिवाय हलणार नाही!"

"बसा ना," मामा म्हणाले. पण बसणार कुठे? दुकानातल्या खुर्च्या कधीच विकल्या होत्या. उरलं होतं सिंहासन. मुनीम बसले. मागे सोनेरी प्रभावळ, हाताखाली दोन सिंह. रस्त्यावरची पोरं जमली. एकाने वाकून मुजरा केला!

मुनीमांनी टोपी सावरली. मग हळूच उतरले आणि म्हणाले, "भास्करराव, पुढच्या वेळी मला उभंच ठेवा हो. इथे बसून उधारी मागवत नाही."

*

कर्ज झालं कसं, हे मी खोदून विचारलं. दारू नाही, रेस नाही. चळवळीच्या दिवसांत संचारबंदी लागे, बंद असे. ठरलेले प्रयोग रद्द. लालबागची गिरणीतली मंडळी न वापरलेले कपडे परत आणत आणि मामा भाड्याला हात लावत नसत.

"पडदाच वर गेला नाही, तर भाडं कसलं?"

"मामा, करार म्हणजे करार! तुमचा वेळ गेला, धुलाई गेली, दुसरं गिऱ्हाईक गेलं!"

मी नुकताच मोर्चातून आलो होतो. घसा बसला होता. मामांनी मला गरम पाणी दिलं आणि विचारलं, "संयुक्त महाराष्ट्रासाठी सकाळपासून ओरडतोयस. बिल कोणाच्या नावे करतोस?"

*

एका रविवारी दादरची मंडळी आली. मामींनी शिरा केला होता. त्यांनी तो खाल्ला, छान झाल्याचं सांगितलं, आणि मुलाच्या वडिलांनी जाता जाता जिन्यात मामांना बाजूला घेतलं. "कानावर येतंय ते खरं का?"

मामांना खोटं बोलता येत नाही. नाटकवाल्यांत राहूनसुद्धा!

लग्न मोडलं. मामी भिंतीकडे तोंड करून बसल्या. कोणी दिवा लावेना. शेवटी कुसुमनेच लावला, बश्या उचलल्या, आणि मोरीतून म्हणाली, "बाबा, आता नाव छापून यायला काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी अर्जावर सही केली.

*

कोर्टाचे एक अधिकारी माल न्यायला आले, बरोबर हमाल आणि हातगाडी. माणूस सभ्य होता. शिवणाचं मशीन, अंथरुणं, स्वयंपाकाची भांडी त्यांनी आपण होऊन बाजूला काढली. "हे कायद्याने तुमचंच." बाकी सगळं गाडीवर.

मामा हमालांना हात लावू देईनात. एकेक वस्तू स्वतः उचलून देत होते.

"मुकुट उपडा ठेवू नका, मोती निखळतात."

"बरं."

"शेला घामाने ओला असला तर घडी घालायची नाही. आधी वाळवा."

"बरं."

"दाढीला डिंक लावा. सरस लावलात तर कातडी सोलून निघते."

"बरं," अधिकारी म्हणाले. त्यांनी सही घेतली, छत्री उचलली. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेवढ्यात मामा दुकानाच्या फळीवर चढून ओरडले,

"अहो, प्रयोग झाला की लगेच परत आणा हं! उद्या दुसऱ्यांना द्यायचंय!"

बाबलने मान खाली घातली. गाडी थांबली. अधिकारी मागे वळले, चार पावलं परत आले.

"हो," ते म्हणाले. "आणून देतो."